पहिल्या पावलाची कळ

सकाळी पलंगावरून उतरून पाय फरशीवर टेकला, की टाचेखाली, किंचित आतल्या बाजूला, लख्खकन कळ जाते. भिंतीला धरून चार-दहा पावलं टाकली की ती ओसरते. आंघोळ होईपर्यंत विसरायलाही होतं. धावायला निघालं तर पहिला किलोमीटर कुरकुरत जातो, पुढे पाय मोकळा होतो. म्हणून धावणारी माणसं हे दुखणं आठवडेच्या आठवडे अंगावर काढतात आणि मग एके दिवशी धावून आल्यावर खुर्चीतून उठणंही जड जातं. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी पावसाळ्यापासून अंतर वाढवणाऱ्यांत किंवा साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातल्या शर्यतीसाठी चढाचा सराव करणाऱ्यांत अशी टाच नवी नाही. डॉक्टर तिला प्लान्टर फॅशिआयटिस म्हणतात.

शस्त्रक्रियेवाचून, साधारण वर्षभरात, हे दुखणं बहुतेकांचं बरं होतं. योग्य व्यायाम नेमाने केला तर त्याहून लवकरही आराम पडतो. पण टाच दुखते म्हटलं की घरातले, शेजारचे, धावण्याच्या ग्रुपमधले असे सगळेच सल्ला देतात आणि त्या सल्ल्यांत कितीतरी महिने वाया जातात. म्हणून त्यातल्या समजुती एकेक करून तपासायला हव्यात.

आधी दुखतं काय ते पाहू. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळपायाखालून एक जाड, चिवट पट्टा जातो. तो प्लान्टर फॅशिया. तळपायाची कमान तो धरून ठेवतो. हिक्स या संशोधकाने १९५४ मध्ये त्याचं काम नेमकं दाखवून दिलं. बोटं वर वळली की रहाटावर दोर गुंडाळला जावा तसा हा पट्टा बोटांच्या सांध्यांवरून ओढला जातो, कमान उंचावते, पाऊल ताठ होतं आणि जमिनीला रेटा देता येतो. धावताना प्रत्येक पावलाला हे घडतं. चढावर पोटरी आणि घोट्यामागची धोंडशीर यांचा ताण वाढतो, तसा या पट्ट्यावरचाही वाढतो. त्याला झेपेल त्यापेक्षा भार भराभर वाढला, की टाचेच्या हाडाला तो जिथे चिकटलेला असतो तिथे तंतू झिजू लागतात. रात्रभर झोपेत पाऊल खाली झुकलेलं आणि पट्टा सैल असतो. सकाळी पहिल्या पावलाला तो एकदम ताणला जातो आणि कळ येते.

“टाचेचं हाड वाढलंय”

एक्स-रेत टाचेच्या हाडाला पुढे आलेलं टोक दिसतं आणि सगळ्यांना कारण सापडल्यासारखं वाटतं. टाच दुखणाऱ्यांत हे टोक जास्त जणांना असतं, हे खरं आहे. पण ज्यांची टाच कधीच दुखली नाही अशा कितीतरी लोकांच्या एक्स-रेतही ते दिसतं आणि दुखणं पूर्ण थांबल्यावरही ते जागच्या जागी राहतं. शिवाय ते वाढतं बोटांच्या दिशेने, जमिनीकडे नव्हे. त्यामुळे पाऊल टाकताना ते मांसात रुततं ही कल्पनाही बरोबर नाही. वाढलेलं हाड विरघळवण्याचा दावा करणाऱ्या औषधांवर खर्च करू नये. या समजुतीचं मोठं नुकसान मात्र वेगळंच आहे. हाडच बिघडलंय असं मनात बसलं की माणूस पायावर भार द्यायला घाबरतो, आणि पुढे पाहू तसं, बरं होण्यासाठी मोजूनमापून दिलेला भारच लागतो.

याच जातीची दुसरी समजूत म्हणजे युरिक ॲसिड. रक्ताच्या रिपोर्टात आकडा थोडा वर दिसला की तूरडाळ, टोमॅटो, पालक ताटातून जातात. गाउटचं दुखणं बहुधा एकाएकी येतं, पुष्कळदा पायाच्या अंगठ्याच्या सांध्यात. सांधा लाल होतो, तापतो, चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. महिनोन्‌महिने सकाळच्या पावलाला दुखून मग सैलावणारी टाच या वर्णनात बसत नाही. कॅल्शियमच्या गोळ्यांचंही तेच. दुखतो तो पट्टा हाडाचा नाही, त्यामुळे कमतरता नसताना घेतलेल्या गोळीने त्याला काही मिळत नाही.

गरम विटेवर रुईचं पान ठेवून टाच शेकण्याचा उपाय अजूनही बऱ्याच घरांत होतो. शेकाने बरं वाटतं, तेवढ्यापुरतं ते ठीकच. फक्त मधुमेहामुळे तळपायाची संवेदना कमी झाली असेल तर वीट, गरम पाण्याची पिशवी यांपासून लांब राहा. भाजल्याचं कळत नाही आणि जखम चिघळते.

“सूज आहे, गोळ्या घ्या, नाहीतर एक इंजेक्शन”

हार्वे लेमाँट आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेले ५० रुग्णांच्या पट्ट्याचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांत दाहाच्या खुणा सापडल्या नाहीत, झीज सापडली. जुनाट टाचदुखीत सूज उतरवणाऱ्या गोळ्यांचा उपयोग मर्यादित का, ते यावरून समजतं. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने वेदना कमी होतात, पण त्याची मुदत किती? मेलबर्नमध्ये झालेल्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चार आठवड्यांनी फरक दिसला. आठ आणि बारा आठवड्यांनी तो उरला नव्हता. पट्टा फाटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याचा धोकाही त्यात असतो. शर्यत महिन्यावर आली म्हणून इंजेक्शन घेऊन धावायचा विचार कुणी करत असेल, तर मी त्याला हात जोडून नको म्हणेन. वेदना दबलेल्या पट्ट्यावर बेचाळीस किलोमीटरचा भार टाकणं फार महाग पडू शकतं.

“पूर्ण विश्रांती घ्या”

ही समजूत शहाणपणाची वाटते, म्हणून जास्त फसवते. महिनाभर धावणं बंद ठेवलं, टाच शांत झाली, पुन्हा सुरू केलं आणि आठवड्यात जैसे थे, ही कहाणी धावणाऱ्यांना नवी नाही. भार कमी झाल्याने दुखणं निवळतं, पण तेवढ्या काळात पट्ट्याची आणि पोटरीची भार सोसण्याची ताकदही उतरते. परत आलेला धावपटू आधीपेक्षा कमकुवत पायावर जुनंच अंतर धावू पाहतो.

त्याऐवजी भार खाली आणा, शून्यावर नेऊ नका. चढ आणि वेगाचे सराव बंद, अंतर निम्मं किंवा त्याहून कमी, आणि तेही एक दिवसाआड. दुखणं शून्य ते दहा अशा पट्टीवर मोजा. धावताना तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळची कळ वाढली नसेल, तर तेवढा भार झेपतो आहे. कळ वाढली तर भार आणखी उतरवा. लंगडत धावावं लागत असेल तर मात्र धावणं थांबवा, कारण चाल बदलली की गुडघा आणि कंबरही दुखायला लागू शकतात. दम टिकवायला सायकल आणि पोहणं आहेच.

“स्ट्रेचिंग केलं असतं तर दुखलंच नसतं”

इथे थोडं थांबायला हवं, कारण स्ट्रेचिंगबद्दल दोन्ही टोकांची मतं ऐकू येतात. धावण्याआधी उभ्याउभ्या पोटऱ्या आणि मांड्या ताणल्याने दुखापत टळते, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. ऑस्ट्रेलियन सैन्यातल्या १,५३८ नवभरती जवानांवर हे तपासून झालं आहे. प्रशिक्षणाच्या बारा आठवड्यांत निम्म्यांनी व्यायामाआधी पायाचे स्नायू ताणले, निम्म्यांनी नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांतल्या दुखापतींत म्हणण्याजोगा फरक नव्हता. धावण्याआधी भरभर चालणं आणि हळूहळू वेग घेणं जास्त उपयोगाचं.

टाच दुखायला लागल्यावर मात्र नेमकं स्ट्रेचिंग खरोखर मदत करतं. २००३ मध्ये डीजोव्हानी आणि सहकाऱ्यांनी दोन पद्धतींची तुलना केली. एका गटाने नेहमीसारखी धोंडशीर ताणली, दुसऱ्याने थेट प्लान्टर फॅशिया. आठ आठवड्यांनी दुसऱ्या गटाला जास्त आराम होता. कृती सोपी आहे. बसून दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर आडवा घ्यायचा, हाताने बोटं नडगीच्या दिशेने मागे ओढायची आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने कमानीतला पट्टा ताणल्याची खात्री करायची. दहा सेकंद धरायचं, सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. यातली पहिली खेप पलंगावरच, पाय जमिनीला लावण्याआधी, व्हायला हवी. ती चुकली तर उपायाचा मोठा भाग हुकतो. दिवसभरात खूप वेळ बसून उठण्याआधीही हेच करा. जोडीला भिंतीला हात लावून पोटरी ताणा. एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा वाकवून, म्हणजे वरचा आणि खोलवरचा असे दोन्ही स्नायू ताणले जातात.

पण ताणलेला पट्टा आपोआप बळकट होत नाही. डेन्मार्कमध्ये रॅथलेफ आणि सहकाऱ्यांनी ४८ रुग्णांचे दोन गट केले. एकाला हे स्ट्रेचिंग, दुसऱ्याला ताकदीचा व्यायाम. तीन महिन्यांनी ताकदीचा गट बराच पुढे होता. वर्षाअखेर दोन्ही गट सारख्याच पातळीवर आले होते. म्हणजे ताकदीने आराम लवकर पडला, आणि धावणाऱ्याला तीन महिने म्हणजे एक अख्खा हंगाम.

हा व्यायाम घरच्या जिन्यावर होतो. पायरीच्या कडेवर चवडा टेकवून एका पायावर उभं राहायचं, टाच अधांतरी. बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, म्हणजे बोटं वर वळतात आणि हिक्सने सांगितलेला पट्टा ताणात येतो. कठड्याला धरून तीन सेकंदांत टाच उचलायची, दोन सेकंद वर थांबायचं, तीन सेकंदांत खाली यायचं. सुरुवातीला बारा-बाराच्या तीन फेऱ्या, एक दिवसाआड. दोन आठवड्यांनी पाठीवर पुस्तकं भरलेली सॅक घ्यायची; संख्या दहावर आणायची, फेऱ्या चार करायच्या. आणखी दोन आठवड्यांनी वजन वाढवून आठच्या पाच फेऱ्या. एका पायावर जमत नसेल तर आधी दोन्ही पायांवर. थोडं दुखेल. सावकाशपणा सोडू नका, कारण घाईघाईने वरखाली केलं तर पट्ट्यावर हवा तसा भार येतच नाही. फरक दिसायला आठवडे जातात, आणि बरेच जण नेमके तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कंटाळून सोडतात. मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं. थोडा धीर धरला असता तर उपाय लागू पडायची वेळ आलेली असते.

“धावणं कमी केलंय, तरी दुखतंय”

धावणं दिवसातला एक तास. उरलेल्या तेवीस तासांकडे आपलं लक्ष नसतं. २००३ मध्ये रिडल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात तीन गोष्टी टाचदुखीशी जोडलेल्या आढळल्या: घोटा वरच्या दिशेने कमी वाकणं, वजन जास्त असणं आणि कामाचा बहुतेक वेळ पायांवर जाणं. वर्गात दिवसभर उभ्या असणाऱ्या शिक्षिका, चौकातला वाहतूक पोलीस, ओट्यापाशी दोन-दोन तास उभी राहणारी बाई, दुकानातला विक्रेता यांचा हा भार मनगटावरच्या घड्याळात किलोमीटर म्हणून दिसत नाही, पण पट्ट्याला तो लागतो. ज्या दिवशी लग्नकार्यात दिवसभर उभं राहिलात, तो दिवस धावण्यातून वजा करा. ओट्यापाशी मऊ चटई टाका, मधूनमधून बसा.

आणि घरातली फरशी. आपल्याकडे चपला दाराबाहेर काढायची रीत आहे, ती मोडायची गरज नाही. घरात वापरायला वेगळी, थोडी जाड आणि टाचेला आधार देणारी जोडी ठेवा. पलंगाखाली ठेवली तर पहिलं पाऊलही तिच्यातच पडेल. दुखणं आहे तोवर टाइल्सवर अनवाणी वावरू नका. पावसाळ्यातल्या झिजून सपाट झालेल्या रबरी सपातांचंही तेच.

बुटांवर मात्र लोक गरजेपेक्षा जास्त भरवसा ठेवतात. तळपायाची कमान बघून त्यानुसार बूट दिल्याने दुखापती कमी होतात का, हे अमेरिकन सैन्यदलांत हजारो जणांवर तपासलं गेलं. तसा फरक पडला नाही. पायाला आरामदायी वाटेल तो आणि तळ झिजलेला नसेल तो बूट चालतो. मापाने बनवलेल्या महागड्या इनसोलचीही घाई नको. अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, स्ट्रेचिंगच्या जोडीला तयार सिलिकॉनची टाचगादी वापरणाऱ्यांपैकी ९५ टक्क्यांना आठ आठवड्यांत सुधारणा वाटली. मापाचा इनसोल वापरणाऱ्यांत हे प्रमाण ६८ टक्के होतं, नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांत ७२.

परत अंतर वाढवताना आठवड्याला दहा टक्के हा नियम सगळीकडे सांगितला जातो. नेदरलँड्समध्ये नवख्या धावपटूंवर तो तपासला तेव्हा हा नियम पाळणाऱ्या आणि न पाळणाऱ्या गटांत दुखापतीचं प्रमाण जवळपास सारखं, वीस टक्क्यांच्या आसपास निघालं. तेव्हा आकड्यापेक्षा स्वतःच्या पायाला विचारा. पाच मिनिटं चालणं, दोन मिनिटं धावणं, अशा आलटापालटीने सुरू करा आणि टाच काही कुरकुर करत नाही असं दिसलं की धावणं थोडं वाढवा. चढ सगळ्यात शेवटी.

प्रत्येक दुखरी टाच मात्र या पट्ट्याचीच असेल असं नाही. टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर दुखत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल आणि धावताना मोकळी होण्याऐवजी वाढतच जात असेल, तर हाडाला ताणाची चीर गेलेली असू शकते. त्यात धावणं लगेच थांबवून ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवावं. तळपायात जळजळ, मुंग्या, बधिरपणा असेल तर नस दबल्याची शंका घ्यावी. तरुण वयात दोन्ही टाचा दुखत असतील आणि सकाळी कंबर अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडत असेल, तर संधिवाततज्ज्ञांकडे जा. धावताना टाचेत फटकन आवाज होऊन तळपाय सुजला आणि काळानिळा झाला, तर पट्टा फाटलेला असू शकतो. त्या दिवशी जिन्यावरचा व्यायाम करायचा नाही, दवाखाना गाठायचा.