भातवाल्यांनी नांगर बाजूला ठेवला, आपण काडीपेटी ठेवू या

सभासद बंधूंनो, तोडणी झालेल्या फडात अजूनही रात्री जाळ दिसतो. विचारले तर उत्तर ठरलेले, "साहेब, पाचट ठेवलं तर पाणी पुढं सरकत नाही." म्हणून थोडे ठाणे जिल्ह्याकडचे सांगतो.

कल्याण, मुरबाड भागात भाताची जुनी रीत म्हणजे राब भाजायचा, पावसात चिखलणी करायची, मग रोपे उपटून लावणी. तरणी पोरे डोंबिवलीच्या कारखान्यांत अन् मुंबईच्या लोकलला लागली. लावणीला माणूस मिळेना. (आपल्याकडे खुरपणीचे तेच झाले आहे.) शिवाय दरसाल चिखलणी करून मातीची कणरचना मोडते आणि खाली घट्ट थर बसतो.

कल्याणहून कर्जत गाडीने पुढे नेरळ लागते. तेथील सगुणा बागेचे चंद्रशेखर भडसावळे यांनी एसआरटी हे भाताचे तंत्र बसवले. गादीवाफे एकदाच करायचे, साच्याने भोके पाडून बी टोकायचे. चिखलणी नाही, लावणी नाही. कापणीनंतर धसकटे उपटत नाहीत. मुळे जागीच कुजतात, त्या पोकळ्यांतून हवापाणी खाली जाते, गांडुळे वाढतात. त्याच वाफ्यावर पुढे वाल, हरभरा. तणाला मात्र तणनाशक मारतात. ते कमी व्हावे असे आम्हांस वाटते, पण मुळांचा मुद्दा सोळा आणे खरा.

उसाला हे जसेच्या तसे लागू नाही. पण खोडव्यात मुळे असतातच, आणि पाचट आयते, हेक्टरी ८ ते १० टन! काडी लावली की त्यातला कर्ब अन् बहुतेक नत्र धुरात गेले. एकीकडे जाळायचे आणि दुसरीकडे युरियाच्या पोत्यासाठी रांग लावायची, हा कुठला हिशेब?

बुडखे जमिनीलगत छाटा. त्यांच्यावरचे पाचट ओढून सरीत दाबा. एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट व ४ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी सोडा. पहिले पाणी रेंगाळते, खोटे कशाला सांगा. दोन-तीन पाण्यांत पाचट बसते. मग तणही दबते, ओलही टिकते. बगला फोडू नका, मुळे तुटतात. खत पहारीने भोके घेऊन बुडख्याजवळ द्या.

ज्यांना धीर होत नाही त्यांनी निदान अर्धा एकर ठेवून बघावा. शेजारी जाळलेला अर्धा एकर असेलच. उन्हाळ्यात दोन्हीकडची माती मुठीत घेऊन बघा. जिवाणूंसाठी गट कार्यालयात नाव नोंदवावे. पहिल्या पाण्याला आमचा माणूस बांधावर येईल.