‘ब्लॅक स्वान’ : मालकी आणि अभिरुचीचा प्रश्न

सांस्कृतिक वर्चस्व दोन आधारांवर उभे असते : साधनांची मालकी आणि अभिरुचीचे निकष. मालकी डोळ्यांना दिसते. निकष मात्र आपल्याच मनात रुजलेले असतात, म्हणून त्यांच्याविरुद्धचा लढा अधिक अवघड असतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी काढलेल्या ‘ब्लॅक स्वान’ या ध्वनिमुद्रिका कंपनीचा अल्पजीवी इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

त्या काळी अमेरिकेतील ग्रामोफोनचा धंदा गोऱ्या भांडवलदारांच्या हाती होता. काळ्या गायकांचा आवाज तबकडीवर येई तो बव्हंशी हास्यगीतांपुरता किंवा भक्तिगीतांपुरता. ऑगस्ट १९२० मध्ये ‘ओके’ कंपनीने मेमी स्मिथ या काळ्या गायिकेचे ‘क्रेझी ब्लूज’ ध्वनिमुद्रित केले आणि काळ्या वस्त्यांतून त्याचा प्रचंड खप झाला. काळा माणूसही गिऱ्हाईक आहे, हे कंपन्यांना तेव्हा उमगले. मग त्यांनी ‘रेस रेकॉर्ड’ नावाच्या स्वतंत्र मालिका काढल्या. त्यांचे क्रमांक वेगळे, जाहिराती वेगळ्या. काळ्यांचा पैसा त्यांना चालत होता. त्यांच्या आवाजाची जागा मात्र गावकुसाबाहेरच होती. ‘बिलबोर्ड’ या धंद्याच्या मुखपत्रात तर ‘रेस’ हे शीर्षक १९४९ पर्यंत टिकून होते.

या पार्श्वभूमीवर १९२१ मध्ये हॅरी पेस यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘ब्लॅक स्वान’ सुरू केली. पेस हे डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांचे विद्यार्थी, आणि डु बॉइस स्वतः कंपनीच्या संचालक मंडळावर होते. (याच डु बॉइस यांच्याशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये पत्रव्यवहार केला होता.) एकोणिसाव्या शतकातील काळी गायिका एलिझाबेथ टेलर ग्रीनफील्ड ‘ब्लॅक स्वान’ म्हणून ओळखली जाई, तिच्यावरून कंपनीला नाव मिळाले. एथेल वॉटर्स हिच्या ‘डाउन होम ब्लूज’ने कंपनीला पहिले मोठे यश दिले. १९२२ मध्ये तबकड्या काढण्याच्या कारखान्यातही पेस यांनी भागीदारी मिळवली. साधनांच्या मालकीच्या दिशेने टाकलेले हे पाऊल निःसंशय क्रांतिकारक होते.

परंतु अभिरुचीचे काय? पेस यांना केवळ ब्लूज नको होते. काळा माणूस ऑपेरा आणि अभिजात संगीतही गाऊ शकतो, हे त्यांना जगाला दाखवायचे होते. ही आकांक्षा चुकीची म्हणता येणार नाही. ‘तुम्ही एवढेच गा’ असे प्रस्थापितांनी बजावल्यावर ‘आम्ही सर्व काही गाऊ’ असे उत्तर देणे, हाही विद्रोहच होय. मात्र या आकांक्षेत एक चोरवाट होती. प्रतिष्ठेचा निकष गोऱ्या समीक्षकांनी ठरविलेलाच राहिला. बेसी स्मिथ चाचणीसाठी आली, तेव्हा ‘ब्लॅक स्वान’ने तिला नाकारले. तिचा आवाज, तिचे उच्चार, तिचा श्रमिक वस्तीतला ढंग ‘सुसंस्कृत’ अभिरुचीत बसणारा नव्हता. १९२३ मध्ये कोलंबियाने तिला घेतले आणि तिच्या गाण्यांवर अमाप नफा मिळविला. तिला मात्र विक्रीतला वाटा नव्हता. ठरावीक मोबदल्यावर तिची बोळवण झाली.

म्हणजे घरच्यांनी तिला अभिरुचीच्या नावाखाली दार लावले आणि बाहेरच्यांनी नफ्यासाठी उघडले. यात कलावंताचा सन्मान कोठेच नव्हता.

पुढे रेडिओ आला, धंदा मंदावला, कर्ज वाढले. १९२३ अखेर ‘ब्लॅक स्वान’ दिवाळखोरीत गेली आणि १९२४ मध्ये तिच्या तबकड्या ‘पॅरामाउंट’कडे गेल्या. ही ‘पॅरामाउंट’ म्हणजे विस्कॉन्सिनमधील एका खुर्च्या बनविणाऱ्या कंपनीचे अपत्य! तिला ना काळ्यांच्या मुक्तीशी कर्तव्य होते, ना संगीताशी. तरीही ब्लूजचा फार मोठा ठेवा तिच्याच तबकड्यांवर शिल्लक राहिला.

या इतिहासाचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि भीमगीते लहान लहान कंपन्यांमार्फत वस्तीवस्तीत पोचली. त्या कॅसेटकडे ‘प्रचारी’, ‘भडक’ म्हणून नाक मुरडणारे केवळ प्रस्थापित समीक्षकच होते काय? शिकून शहरात स्थिरावलेल्या आपल्यापैकी काहींनाही ढोलकीचा आवाज शेजाऱ्यांच्या कानी जाऊ नये असे वाटत होतेच. दलित साहित्याची भाषा शिवराळ ठरविणाऱ्यांशी आपण वाद घातला; गाण्याच्या बाबतीत मात्र तीच मोजपट्टी आपण कित्येकदा निमूटपणे हाती घेतली.

स्वतंत्र कंपनी, स्वतंत्र प्रकाशन, स्वतंत्र नियतकालिक यांची गरज वादातीत आहे. पण भांडवल आपले आणि निवड करणारे मन दुसऱ्याचे, अशी अवस्था असेल तर ते स्वातंत्र्य अपुरे राहते. म्हणून आपल्या प्रत्येक संस्थेने स्वतःला एक प्रश्न विचारत राहिले पाहिजे : आज आपल्या दाराशी बेसी स्मिथ आली, तर आपण तिला आत घेऊ काय?