रुळावरचा कीमॅन आणि चुंबकातला काचेचा धागा

थंडीतल्या पहाटे नेरळच्या फलाटावर उभं राहिलं की रुळांवरून चालत येणारा कीमॅन दिसतो. खांद्यावर हातोडा, हातात पाना. रूळ धरून ठेवणारी एखादी चावी सैल दिसली की वाकायचं, दोन ठोके घालायचे आणि पुढे निघायचं. गारठ्याने रूळ आकसतो, सांध्यावर ताण येतो, कधी तडा जातो. दोष इवलासा असतो. तो नेमका कुठे आहे, हे वेळेत कळणं महत्त्वाचं.

एमआरआय यंत्रातल्या चुंबकालाही असाच राखणदार लागतो. हा चुंबक म्हणजे नायोबियम-टायटॅनियमच्या तारेचं वेटोळं, उणे २६९ अंश सेल्सिअसच्या द्रव हेलियमने गार ठेवलेलं. इतक्या थंडीत तार अतिसंवाहक होते, तिचा विद्युतरोध शून्यावर येतो. पण तारेचा एखादा ठिपका जरा तापला, की तिथे रोध परत येतो. रोधामुळे उष्णता वाढते आणि शेजारची तारही तापते. अभियंते याला ‘क्वेंच’ म्हणतात.

एक सदोष सांधा काय करू शकतो, ते १९ सप्टेंबर २००८ रोजी जीनिव्हाजवळ सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या २७ किलोमीटरच्या बोगद्यातल्या कणत्वरकात दिसलं. दोन अतिसंवाहक चुंबकांमधली जोडणी तापली, ठिणगीने हेलियमच्या आवरणाला भोक पडलं आणि सुमारे सहा टन हेलियम बाहेर पडला. ५३ चुंबक काढून न्यावे लागले. यंत्र वर्षाहून अधिक काळ बंद राहिलं.

या यंत्राच्या राखणीत आपल्या अणुऊर्जा विभागाचाही मोठा वाटा आहे, आणि तो मराठी वाचकाला ठाऊक असायला हवा. क्वेंचपासून बचाव करणारे सुमारे ५५०० वीजपुरवठा संच भारताने सर्नला दिले. त्यांचं काम ऐकून नवल वाटेल. क्वेंच सुरू झाल्याचं कळताच ते हीटर पेटवून वेटोळ्याचा मोठा भाग मुद्दाम तापवतात! एका चुंबकात साठलेली सुमारे ७० लाख जूल ऊर्जा एकाच ठिपक्यावर पडली तर तार वितळेल. ती वाटली गेली तर चुंबक वाचतो.

मात्र क्वेंच झाल्याचं आधी कळायला हवं. आजवर ते विद्युतदाब मोजून कळत आलं. जुन्या तारेत तापलेला भाग सेकंदाला कित्येक मीटर वेगाने पसरतो, त्यामुळे दाबातला फरक चटकन दिसतो. संलयन भट्ट्यांसाठी जी नवी उच्च-तापमान अतिसंवाहक पट्टी वापरू लागले आहेत, तिच्यात हाच भाग सेकंदाला काही मिलिमीटर ते सेंटिमीटर एवढाच सरकतो. दाबात जाणवेल असा फरक पडेपर्यंत तो ठिपका जळून गेलेला असतो. भोवतीच्या विद्युतचुंबकीय गोंगाटात तो क्षीण संकेत हरवतो, हे वेगळंच.

इथे कीमॅनचं काम ऑप्टिकल फायबर करतो. केसाएवढ्या जाडीच्या काचेत ठरावीक अंतरावर सूक्ष्म जाळ्या कोरतात. प्रत्येक जाळी प्रकाशाची एक ठरावीक तरंगलांबी परत पाठवते. काच तापली किंवा ताणली गेली की ती तरंगलांबी बदलते. खोलीच्या तापमानाला हा बदल अंशामागे साधारण दहा पिकोमीटर; एक पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग. काचेतून प्रकाश जातो, वीज नाही. म्हणून तीव्र चुंबकक्षेत्रातही संकेत स्वच्छ राहतो. अमेरिकेतल्या एमआयटीच्या गटाने आपल्या ‘व्हायपर’ केबलमध्ये असे तंतू घालून स्वित्झर्लंडमधल्या ‘सुल्तान’ चाचणी केंद्रात क्वेंच पकडून दाखवला.

अडचणी आहेतच. अतिथंडीत काच उष्णतेला जवळजवळ दाद देत नाही, म्हणून तिच्यावर प्लॅस्टिकचा किंवा धातूचा लेप चढवावा लागतो. तरंगलांबी बदलली ती तापल्यामुळे की ताणामुळे, हेही निवडून काढावं लागतं.

रुळावर कीमॅन केव्हाही नेमता येतो. हा धागा मात्र वेटोळं गुंडाळतानाच तारेसोबत घालावा लागतो. म्हणून आपल्याकडे नव्या पट्टीचे मोठे चुंबक घडवणाऱ्यांनी त्याची जागा पहिल्या आराखड्यातच राखून ठेवावी.