रोमनांच्या विजयाचे भाकीत आणि इतिहास

कुराणाच्या 30व्या अध्यायात, ‘अर-रूम’मध्ये, जवळच्या प्रदेशात हरलेले रोमन काही वर्षांतच पुन्हा जिंकतील असे भाकीत आहे. हे रोमन म्हणजे बायझंटाइन साम्राज्य. इराणच्या ससानी फौजांनी 614 मध्ये जेरुसलेम घेतले. पुढे इजिप्तही गेला. सम्राट हेराक्लियसने 622 मध्ये प्रतिहल्ला सुरू केला, डिसेंबर 627 मध्ये निनेवेजवळ निर्णायक विजय मिळवला आणि 628 मध्ये युद्ध संपले.

भाष्यकार ‘काही वर्षे’ ही मुदत सहसा 3 ते 9 वर्षांची मानतात. 614 ते 622 मोजले, तर ती जुळते; 627 पर्यंत मोजले, तर ओलांडली जाते. कोणता पराभव आणि कोणता विजय, हे मूळ मजकुरात सांगितलेले नाही. शिवाय आरंभीच्या अरबी लिपीत स्वरचिन्हे नव्हती. त्यामुळे जिंकलेले रोमन पुढे हरतील, असा उलट पाठही जुन्या भाष्यांत नोंदलेला आहे.

हे शब्द विजयाआधीच लिहिले गेले, असे सिद्ध करणारा तारीख असलेला समकालीन कागद हाती नाही. म्हणून हे भाकीत मानणे हा श्रद्धेचा प्रश्न आहे. इतिहासाच्या कसोटीवर ते सिद्धही होत नाही आणि खोटेही ठरत नाही.