मुरगळलेल्या घोट्याचं पहिलं मिनिट

घोट्याची सूज उतरली, चालताना दुखत नाही, म्हणजे पाय बरा झाला असं आपण धरून चालतो. पण ताणल्या गेलेल्या लिगामेंटला पुरती ताकद यायला त्याहून बराच वेळ लागतो, आणि तोल सावरण्याची घोट्याची जाणीवही मंदावलेली असते. म्हणून धावायला निघण्याआधी घरीच पाहावं. अर्धा तास भरभर चालता येतं का? दुखावलेल्या पायावर ३० सेकंद उभं राहता येतं का? त्याच पायावर हलकी उडी मारताना कळ येते का? कळ आली तर आधी फिजिओथेरपिस्टकडे जावं.

या तिन्ही गोष्टी न दुखता जमल्या, तर पुन्हा धावायला लागताना जॉश क्लार्क यांनी १९९६ मध्ये नवख्या धावणाऱ्यांसाठी आखलेला ‘काउच टू फाइव्ह के’ हा ५ किलोमीटर धावण्यापर्यंत नेणारा ९ आठवड्यांचा क्रम मला फार समंजस वाटतो. आठवड्यातून ३च दिवस. पहिल्या आठवड्यात ५ मिनिटं भरभर चालायचं, मग ६० सेकंद धावणं, ९० सेकंद चालणं, असं २० मिनिटं. दम लागत नाही म्हणून पुढचा आठवडा आधीच उरकू नये. दमसास लवकर वाढतो. लिगामेंट आणि हाडं सावकाश कणखर होतात. बहुतेक जण इथेच फसतात. एखादा आठवडा पुन्हा केला तरी काही बिघडत नाही.

धावताना पाय किंचित अवघडला आणि दुसऱ्या सकाळपर्यंत मोकळा झाला तर ठीक. सकाळी लंगडावं लागलं किंवा सूज दिसली, तर विश्रांती घेऊन एक आठवडा मागे यावं. सुरुवात मैदानाच्या सपाट मातीवर करावी. पावसाळ्यातले शेवाळलेले फुटपाथ मात्र टाळावेत.