बारा मोटा आणि दहा मिलिमीटर

लिंबच्या बारामोटेच्या विहिरीवर आम्ही पोचलो तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते. सरांनी कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. पायऱ्या उतरून ते विहिरीतल्याच महालाच्या कमानीत थांबले, पाठ दगडाला टेकवली आणि समोरच्या भिंतीकडे नुसते बघत राहिले. मग खिशातून छोटी वही काढून त्यांनी त्रैराशिक मांडलं.

"भिंत साधारण ५० फुटांवर. कॅमेरा उभा धरला की सेन्सरची उंची २२.३ मिलिमीटर. आता १८च्या लेन्सनं किती भिंत येईल? ६२ फूट. आणि १०च्या लेन्सनं? १११." त्यांनी वही मिटली. "विहिरीची खोली ११० फूट सांगतात. ही लेन्स मी का घेतली ते कळलं ना?"

संपादकांनी मला खरं तर विहिरीवर लिहायला पाठवलं होतं. साताऱ्याजवळच्या लिंब गावची ही अष्टकोनी विहीर वीरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली. एकाच वेळी बारा मोटा चालाव्यात अशी तिची रचना आहे, आणि विहिरीच्या पोटातच एक छोटा महाल आहे. यावर पुष्कळांनी लिहिलंय, आणि चांगलं लिहिलंय. मी मात्र त्या दिवशी गुंतले ती सरांच्या हातातल्या २४० ग्रॅमच्या काळ्या नळकांड्यात.

सर म्हणजे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. निवृत्तीनंतर त्यांनी जुन्या विहिरी आणि बारवा यांची नोंद करायला घेतली. फिल्मच्या काळात त्यांच्याकडे २८ मिलिमीटरची लेन्स होती, तिच्यात वाड्याचा चौक बऱ्यापैकी मावायचा. डिजिटल बॉडी आली आणि तीच लेन्स एकदम कोती झाली. कारण परवडणाऱ्या कॅमेऱ्यांतला सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असतो. कॅननच्या बाबतीत तो १.६ पटीनं लहान आहे. म्हणजे २८ची लेन्स ४५ची असल्यासारखी वागते. लेन्सनं टाकलेल्या चित्राचा मधलाच तुकडा सेन्सरवर पडतो, कडेचं सगळं वाया जातं. लांबचे पक्षी टिपणाऱ्यांना हा फायदा वाटला. विहिरीत, गाभाऱ्यात, माजघरात उभ्या राहणाऱ्या माणसाची मात्र पाठ भिंतीला लागली आणि मागे सरकायला जागा उरली नाही.

त्यावर उपाय निघाला, पण महागडा. लहान सेन्सरसाठीच बनवलेल्या लेन्सचं ईएफ-एस हे घराणं कॅननने २००३ साली ३००डी या कॅमेऱ्याबरोबर सुरू केलं, आणि पुढच्याच वर्षी १०-२२ मिलिमीटरची झूम आणली. लेन्स उत्तम होती, पण शिक्षकाच्या पगारात बसणारी नव्हती. सरांनी दहा वर्षं वाट पाहिली. मे २०१४ मध्ये १०-१८ मिलिमीटर, एफ/४.५-५.६ ही लेन्स जाहीर झाली. अमेरिकेतली किंमत ३०० डॉलरच्या आत होती. त्याच दिवशी कॅननने मोठ्या सेन्सरसाठी १६-३५ ही व्यावसायिक लेन्सही जाहीर केली. रुंद टोकाला दोघींचा दृष्टिकोन जवळजवळ सारखाच, कर्णात सुमारे १०७ अंश, पण दुसरीची किंमत चौपट आणि वजन अडीच पट. स्वस्त लेन्समध्ये काय सोडलं ते उघड दिसतं. बॉडीला बसणारा माउंट धातूचा नाही, प्लास्टिकचा आहे. अपर्चर लहान. अंतराची पट्टी नाही. पण काचांच्या बाबतीत हात आखडलेला नाही. ११ गटांत १४ काचा आहेत.

चौदा काचा कशाला लागतात, हा प्रश्न मी सरांना विचारला आणि तिथे त्यांच्यातला शिक्षक जागा झाला.

दहा मिलिमीटरची साधी लेन्स करायची तर ती सेन्सरपासून दहा मिलिमीटरवर ठेवावी लागेल. भिंगाचा नियमच तसा आहे, लांबच्या वस्तूचं चित्र केंद्रांतरावर पडतं. पण या कॅमेऱ्यांत लेन्स आणि सेन्सर यांच्या मध्ये आरसा असतो. प्रत्येक फोटोला तो खटकन वर उचलला जातो, त्याला हलायला जागा हवी. म्हणून माउंटपासून सेन्सरपर्यंत ४४ मिलिमीटरचं अंतर राखलेलं आहे. दहा मिलिमीटरची लेन्स त्या आरशाच्या अंगणात घुसू शकत नाही. तिने बाहेर उभं राहायचं आणि चित्र मात्र दूर आत फेकायचं, अशी अट आहे.

ही अट पुरी करण्याची युक्ती १९५० च्या सुमाराची आहे. पिएर आंजेन्यू या फ्रेंच रचनाकाराने ३५ मिलिमीटरची एक लेन्स केली आणि तिला नाव दिलं रेट्रोफोकस. पुढे त्या जातीच्या सगळ्याच लेन्सना हे नाव चिकटलं. सरांनी आपला चष्मा काढून ही युक्ती दाखवली. त्यांना मायनस नंबर आहे. चष्मा डोळ्यांपासून हातभर लांब धरला की त्यातून जग लहान होऊन दिसतं आणि काचेत जास्त मावतं. लेन्सच्या पुढे अशीच मायनसची मोठी, फुगीर काच असते. ती रुंद कोनातून आलेले किरण पसरवून थोडे सरळ करते. मागचा प्लसचा गट ते गोळा करतो. किरण आधी पसरवलेले असल्यामुळे ते एकत्र येतात तेही उशिरा, आरशाच्या पलीकडे. दुर्बीण उलटी धरून बघावं तसंच काहीसं हे आहे. याचा आणखी एक लाभ म्हणजे सेन्सरच्या कडांवर प्रकाश फार तिरपा पडत नाही, त्यामुळे कोपरे व्हायला हवे होते तितके काळे होत नाहीत. पण पसरवण्यात आणि गोळा करण्यात दोष शिरतात. सरळ रेषा पिंपासारख्या फुगतात, कडांना रंगाची झालर येते. एक दोष आवरायला एक काच, तिने केलेला दोष आवरायला दुसरी, असं करत चौदा.

मला या यंत्रात सगळ्यात भावला तो हाच हट्ट. मधला आरसा हटवायचा नाही, त्याला वळसा घालून जायचं.

उन्हाची तिरीप भिंतीवरून खाली सरकू लागली तसे सर कामाला लागले. कॅमेरा त्यांनी छातीशी धरला आणि मागच्या पडद्यावरची पातळीची खूण हिरवी होईपर्यंत हलवत राहिले. रुंद लेन्स जराशी खाली झुकवली तरी विहिरीच्या उभ्या भिंती तळाकडे निमुळत्या होतात, वर केली तर माथ्याकडे. "यथार्थदर्शन," ते म्हणाले. "पोरांना फळ्यावर तीस वर्षं हेच शिकवलं. क्षितिजरेषा म्हणजे तुमच्या डोळ्याची पातळी. ती चुकली की इमारत पडायला लागते." म्हणून ते कॅमेरा झुकवत नाहीत, स्वतः एक पायरी खाली उतरतात किंवा वर चढतात. त्या सकाळी त्यांनी किती पायऱ्या केल्या याची मोजदाद मी मध्येच सोडून दिली.

महालात अंधार होता. तीनपायी स्टँड अनेक संरक्षित वास्तूंत परवानगीशिवाय लावता येत नाही, अजिंठ्याच्या चित्रांसमोर फ्लॅश तर चालतच नाही. त्यामुळे सरांना हातात कॅमेरा धरूनच काम करायची सवय झाली आहे. इथे लेन्समधला आयएस, म्हणजे थरथर सावरणारा काचेचा गट, उपयोगी पडतो. छोटे जायरो हाताचा कंप मोजतात आणि विद्युतचुंबक त्या काचा उलट्या दिशेला सरकवतात. दहा मिलिमीटरवर एरवी हातातून साधारण सेकंदाच्या सोळाव्या भागापर्यंत फोटो स्थिर येतो. कंपनी चार टप्प्यांची मदत सांगते, म्हणजे हिशेबानं पूर्ण एक सेकंद. सर इतका विश्वास टाकत नाहीत. कोपर दगडाला टेकवून, श्वास अर्धा सोडून ते पाव ते अर्ध्या सेकंदात काम भागवतात. महालाच्या छतावरचं कोरीव काम माझ्या डोळ्याला जेवढं दिसत होतं त्याहून स्वच्छ पडद्यावर उमटलं.

मग त्यांनी मला एक गोष्ट करून दाखवली. कॅमेरा एका कोरीव दगडाच्या इतका जवळ नेला की मला वाटलं काच आता घासणार. ही लेन्स सेन्सरपासून २२ सेंटिमीटरवरच्या वस्तूवर फोकस करते. पुढच्या काचेपासून मोजलं तर जेमतेम दहा सेंटिमीटर. फोटोत टाकीचे घाव एकेक मोजता येत होते आणि त्यांच्या मागे आख्खी विहीर उभी होती. "लोकांना वाटतं, सगळं मावावं म्हणून वाईड घ्यायची," सर म्हणाले. "खरं म्हणजे जवळ जाता यावं म्हणून घ्यायची."

आता अडचणी. त्या सांगताना सरांचा आवाज खाली आला.

रुंद कोनाचा फोटो सपाट सेन्सरवर पसरला की कोपऱ्यांतल्या वस्तू ताणल्या जातात. हा काचेचा दोष नाही, भूमितीच तशी आहे. पिंपासारख्या फुगलेल्या रेषा संगणकावर सरळ करता येतात, हे ताणणं तसं पुसता येत नाही. अगदी कोपऱ्यात गोल चेंडू ठेवला तर तो रुंदीच्या दीडपटीहून अधिक लांब दिसतो. चेंडूचं ठीक आहे, माणसांचं काय? लग्नाच्या गटफोटोत कडेला उभी राहिलेली मावशी जन्मभर तो फोटो बघून हळहळते. सर कडेला माणूस येऊच देत नाहीत.

दुसरी अडचण याहून गंभीर आहे, आणि तिच्यावर बोलताना ते चिडले. एका बांधकाम व्यावसायिकाने त्यांना नमुना फ्लॅटचे फोटो काढायला बोलावलं होतं. दहा बाय अकराची खोली दहा मिलिमीटरवर दिवाणखान्याएवढी दिसते, पलंगापासून खिडकी मैलभर लांब जाते. सरांनी १६वर काढलेले फोटो दिले. त्यांना पुन्हा बोलावणं आलं नाही. वन बीएचकेसाठी वीस वर्षांचं कर्ज काढणारं जोडपं आधी ते फोटो बघतं, याचा विचार केल्यावर मला सरांचं चिडणं पूर्ण पटलं. विहिरीच्या नोंदीतही तोच धोका आहे. म्हणून ते प्रत्येक जागेचा एक फोटो माणूस मध्यभागी उभा करून काढतात आणि वहीत लेन्सचा आकडा आणि अंतर लिहितात. पुढे कुणी मोजायला बसलं तर त्याची फसगत होऊ नये.

तिसरी अडचण यंत्राच्या पोटातली. जुन्या लेन्सची फोकसची कडी फिरवली की आतली काच स्क्रूवर प्रत्यक्ष सरकायची. इथे कडी फिरवली की फक्त संदेश जातो आणि स्टेपर मोटर काच हलवते. ती मोटर शांत आहे, व्हिडिओला फार चांगली. पण वीज नसेल तर कडी नुसतीच फिरते. मोटर किंवा तिच्याकडे जाणारी कागदासारखी पातळ पट्टी निकामी झाली तर हातानेही फोकस होत नाही. सरांची २८ची जुनी लेन्स चाळीस वर्षांनी अजून फिरते. ही चाळीस वर्षं टिकेल का, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण तेच म्हणाले, "मला हवी तितकी टिकली तरी पुरे. पण हे फोटो ज्यांच्यासाठी काढतोय त्यांच्या हातात ही नसणार."

अंतराची पट्टी नसल्याचंही त्यांना दुःख आहे. दहा मिलिमीटर, एफ/८ला फोकस दोन फुटांच्या जरा पुढे ठेवला की एक फुटापासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. पट्टी असती तर न बघता लावता आलं असतं. आता ते हात लांब करून आपल्याच अंगठ्यावर फोकस घेतात आणि मग ऑटोफोकसचं बटण बंद करतात.

आणि ज्या आरशासाठी हा सगळा वळसा घेतला, तो आरसाच आता जातोय. २०१८ पासून कॅननचा नवा आरएफ माउंट आरशाशिवायचा आहे, तिथे अंतर फक्त २० मिलिमीटर. २०२३ मध्ये त्या माउंटसाठी आलेली १०-१८ अवघ्या १५० ग्रॅमची आहे. सरांची लेन्स नव्या बॉडीला लावायची तर मध्ये अडॅप्टर लागतो. त्यात काच नसते, २४ मिलिमीटरची पोकळ नळी आणि विजेच्या जोडण्या, एवढंच. सरांनी तो मला दाखवला आणि त्यातून आरपार बघायला सांगितलं. आरशासाठी राखलेली जागा तेवढी शिल्लक राहिली होती.

दुपारी आम्ही त्यांच्या साताऱ्यातल्या घरी गेलो. मे महिना संपत आला होता. पावसाळ्यात इथे काचेवर बुरशी चढते. माझी स्वतःची एक लेन्स कपाटात ठेवून मी अशीच गमावली आहे, आतून कोळिष्टकासारखे धागे पसरले होते. काकूंनी एक जुना तवा सरांच्या सिलिका जेलसाठीच वेगळा काढून ठेवलाय, त्यावर स्वयंपाकाचं काही करत नाहीत. दमट झालेले गुलाबी दाणे मंद आचेवर हलवत त्या खिडकी उघडी ठेवून उभ्या होत्या. सर टेबलाशी वहीत यादी बघत होते. लिंबवर खूण झाली होती, खाली अजून अकरा नावं होती.

"दाणे निळे झाले का गं?" त्यांनी विचारलं.

"होतायत."

"मृगाच्या आधी दोन तरी विहिरी उरकू," सर मला म्हणाले. "शेवाळ धरलं की पायऱ्या उतरता येत नाहीत."