खोंडाचे दात पाहता, मग फोनचे काय?



खरसुंडीच्या किंवा पुसेगावच्या यात्रेत खिलार खोंड घ्यायचा झाला, तर आपण काय करतो? दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो आणि मगच रुमालाखाली हात घालतो. पण उसाचा हप्ता जमा झाला आणि घरात नवा फोन घ्यायचे ठरले, की दुकानदार दाखवील तो डबा उचलून आणतो. फार तर मागे कॅमेरे किती आहेत, तेवढे मोजतो.

कृषी विस्ताराच्या कामात माझे केस पिकले, पण नव्या फोनचे वेड काही गेले नाही. कोणता फोन बाजारात आला, त्यात कोणती चिप बसवली, हे वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही. या वेडापायी एकदा माझी चांगलीच फजिती झाली. ती आधी सांगतो.

२०२३ च्या खरिपात पाटण तालुक्यातील एका डोंगरउताराच्या वाडीत मी गेलो होतो. ई-पीक पाहणीची मुदत संपत आली होती. एका वयस्कर मावशींच्या भाताची नोंद राहिली होती आणि त्यांच्याकडे फोन नव्हता. मी ऐटीत माझा महागडा फोन काढला. पाहतो तो काय, मी उभा त्यांच्याच बांधावर आणि फोन म्हणतो, तुम्ही गटापासून लांब आहात! पाऊण तास खटपट केली. शेवटी शेजारच्या पोराने आपला साधा फोन आणला आणि पाच मिनिटांत नोंद झाली. मावशी म्हणाल्या, “सायेब, मग यवढा म्हागाचा फोन घितला तरी कशाला?”

मावशींचा हा प्रश्न मी तेव्हापासून विसरलेलो नाही.

नोंद म्हणजे पैसा

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्यावर पीक लावण्याचे काम आपल्या हातातील फोनवर आले. ही नोंद किती मोलाची, ते सोयाबीनवाल्यांना ठाऊक आहे. २०२३ च्या खरिपातील सोयाबीन आणि कापसासाठी शासनाने हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरांपर्यंत, अर्थसाहाय्य दिले. त्या वेळी पहिला आधार धरला तो ई-पीक पाहणीच्या नोंदीचा. म्हणून फोन घेताना पहिली परीक्षा जीपीएसची.

फोन आपली जागा उपग्रहांच्या लहरींवरून ठरवतो. मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनची चूक पाचेक मीटरची असते. पण डोंगराच्या कुशीत किंवा दाट झाडीत लहरी आपटून, वळून येतात आणि फोन फसतो. पूर्वीचे फोन एल-१ या एकाच पट्ट्यातील लहरी घेत. २०१८ साली शाओमीच्या मी-८ या फोनने एल-१ आणि एल-५ असे दोन्ही पट्टे प्रथम आणले. दोन पट्टे असले, की आपटून आलेली लहर ओळखणे फोनला सोपे जाते. आपले स्वदेशी नाविक उपग्रहही एल-५ वर बोलतात. तेव्हा दुकानात विचारा, “यात एल-५ आहे का? नाविक चालते का?” दुकानदाराला सांगता आले नाही, तर कंपनीचे माहितीपत्रक काढायला लावा.

हातातला फोन जुना असेल, तरी घाबरू नका. झाडाखालून मोकळ्यावर या, लोकेशन चालू करा, दोन-चार मिनिटे थांबा आणि मग फोटो घ्या.

आणखी चार परीक्षा

एक, उजेड. दुकानातील दिव्याखाली सगळेच पडदे झकास दिसतात. फोन घेऊन दुकानाबाहेर उन्हात या. माण-खटावच्या किंवा जतच्या दुपारी जो पडदा वाचता येत नाही, तो शेतकऱ्याच्या काय कामाचा?

दोन, आयुष्य. कंपनी किती वर्षे अपडेट देणार, हे विचारा. अपडेट थांबलेल्या फोनवर पुढे बँकेची ॲप चालेनाशी होतात. गूगलने पिक्सेल ८ ला २०२३ मध्ये आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस-२४ ला २०२४ मध्ये सात वर्षांचा शब्द दिला. हे फोन महागडे खरे. पण २०२४ मध्येच आलेल्या गॅलेक्सी ए-१६ या त्यामानाने स्वस्त फाइव्ह-जी फोनलाही सहा वर्षांचा शब्द आहे. सालगडी ठेवताना सालाचा करार करतो ना? तसेच हे.

तीन, धूळ-पाणी. आयपी ६८ असे लिहिलेले असेल, तर त्यातील ६ हा आकडा धुळीचा आणि ८ हा पाण्याचा. पण ही परीक्षा स्वच्छ पाण्यात झालेली असते, द्राक्षबागेतील फवाऱ्यात नव्हे. शिवाय पाणी शिरून बिघडलेला फोन बहुधा वॉरंटीत बसत नाही. तासगावच्या बागायतदारांनी फवारणीला जाताना फोन घरी ठेवावा, हेच उत्तम.

चार, रेंज. शेजाऱ्याचे ज्या कंपनीचे कार्ड तुमच्या रानात चालते, तेच घ्या. गावात फाइव्ह-जी आले नसेल, तर केवळ त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

याच ओघात विहिरीवरील मोबाईल स्टार्टरचेही सांगतो. रात्रीची लाइट आणि उसात बिबट्याचा वावर, यामुळे कराड-शिराळ्याकडे त्याचा मोठा आधार आहे. मात्र पुष्कळसे जुने स्टार्टर टू-जीवरच चालतात आणि जिओकडे टू-जी नाहीच. त्यात जिओचे कार्ड घातले, तर मोटर ढिम्म हलणार नाही. दोष मोटारीचा नाही, कार्डाचा आहे.

फोन आणल्यावर

पहिल्याच दिवशी स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश ही बटणे दाबा. पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसेल. तो पावतीबरोबर कपाटात लिहून ठेवा. फोन हरवला, तर पोलिसांत तक्रार देऊन संचार साथी या सरकारी सेवेतून तो बंद करता येतो. पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सॲपवर एखादी फाइल आली, तर उघडू नका. ते चोरांचे जाळे असते. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० ला फोन लावा.

फोनचे वेड मला अजूनही आहे, तुमच्या पोरांनाही असेल. त्यांच्यावर रागावू नका, त्यांना बरोबर घेऊन दुकानात जा. मात्र पैसे मोजण्यापूर्वी आमच्या त्या मावशींचा प्रश्न एकदा मोठ्याने विचारा, “एवढा महागाचा फोन कशाला?” त्याचे नीट उत्तर मिळाले, तर खुशाल घ्या. नाही मिळाले, तर तेवढे पैसे ठिबकाला लावा.